काढलेलं साडीगार्ड

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी मोटारसायकल बघायला सुरुवात केली आणि चार महिन्यांत नांदेड-लातूर मिळून सात-आठ शोरूम पालथी घातली. तरी गाडी ठरेना. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी वेगळं कारण सांगायचो. एक तापते, दुसरीचा क्लच कडक आहे, तिसरीचं सर्व्हिस सेंटर लांब आहे. खरी अडचण एकच होती. कुठल्याच गाडीच्या मागच्या सीटवर माझ्या बायकोला एका बाजूला पाय सोडून बसता येईल असं दिसत नव्हतं. तिचा डावा गुडघा पुरता वळत नाही, त्यामुळे तिला दोन्हीकडे पाय टाकून बसणं जमत नाही. आणि तो गुडघा माझ्यामुळे गेला आहे.

हे मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

तेव्हा आमच्याकडे दीडशे सीसीची गाडी होती. माझी नोकरी नांदेडच्या एका सरकारी कचेरीत. घर तरोडा नाक्याकडे, कचेरी नदीपलीकडे. रोजचं जाणं-येणं त्या गाडीवर. चाळिशी उलटल्यावर मला रविवारी गाड्या घेऊन भटकणाऱ्या चार-पाच जणांची संगत लागली. कुणी शाळेत मास्तर, कुणी औषधाच्या दुकानाचा मालक, सगळ्यांचीच पोटं सुटलेली. सकाळी निघायचं, माहूर नाहीतर सहस्रकुंड करायचं, दुपारच्या जेवणाला घरी. त्यांच्या गाड्या मोठ्या होत्या, माझी सगळ्यांत लहान. एकदा कंधारच्या किल्ल्याबाहेर आम्ही चहा पीत उभे होतो. त्यांतला एक जण माझ्या मागच्या चाकाकडे बघून म्हणाला, "काय राव, गाडीला परकर नेसवलाय की तुम्ही!"

सगळे हसले. मीही हसलो. तो ज्याला परकर म्हणत होता ते साडीगार्ड होतं. मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला बसवलेली लोखंडी जाळी. बाई एका बाजूला बसली तर तिचा पदर चाकात जाऊ नये म्हणून ती कंपनीतूनच लावून येते. त्या मंडळींपैकी एकाच्याही गाडीला ती नव्हती. प्रत्येकानं गाडी घरी आणल्या आणल्या जाळी काढून टाकली होती, कारण तिच्यामुळे गाडी पोक्त दिसते. त्याच दिवशी घरी आल्यावर मी पाना घेऊन बसलो आणि ती जाळी सोडवली. दहा मिनिटांचं काम. बायको दारातल्या तारेवर कपडे वाळत घालत होती.

"काय बिघडलं?" तिनं विचारलं.

"काही नाही. खडखड वाजायलं होतं," मी म्हणालो.

ती माझ्या मागे बसते हे मला माहीत होतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. फार लांब कुठे जातो आपण, पदर खोचूनच बसते ती, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं आणि गाडीपासून चार पावलं मागे जाऊन ती कशी दिसते ते बघितलं. चांगली दिसत होती.

माझी सासुरवाडी लातूरजवळच्या मुरूडची. धाकटा मेहुणा लातुरात असतो, त्याचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गार्ड काढल्यानंतर दोन महिन्यांनी मुरूडला डोहाळजेवण होतं. आम्ही आदल्या रात्री उशिरा गाडीवर लातूरला आलो, मेहुण्याकडे राहिलो आणि सकाळी तो उठायच्या आत पुढे निघालो. कार्यक्रम म्हणून तिनं तिची ठेवणीतली इरकल नेसली होती. लातूर सोडून थोडं पुढे गेलो तोच समोरून एक ट्रक जोरात गेला. त्या वाऱ्यानं पदर उडाला. मला गाडीला हिसका बसल्याचं कळलं, आणि मागचं वजन एकदम नाहीसं झाल्याचं कळलं.

खांद्याचं हाड आणि गुडघा. दोन्ही डाव्या बाजूचे.

लातूरच्या दवाखान्यात मेहुणा धावत आला. स्ट्रेचरवर तिला बघून तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, अक्कानं पदर खोचला नव्हता का?"

"तेच की," मी म्हणालो. "किती वेळा सांगितलं असेल तिला."

हे वाक्य इतक्या सहज निघालं की मी ते आधीपासून तयार ठेवलं होतं की काय, अशी मला आजही शंका येते. बायको तीन हातांवर होती. तिनं ते ऐकलं. वेदनेनं तिचे डोळे मिटलेले होते. ती म्हणाली, "चुकलंच माझं."

तिथे मला थांबता आलं असतं. मी थांबलो नाही, उलट एक पाऊल पुढे गेलो. गाडी रस्त्याकडेच्या एका पंक्चरवाल्याकडे ठेवलेली होती. मेहुणा म्हणाला, "घरी घेऊन या, काय काय लागतंय मी बघतो." तो त्याच धंद्यातला माणूस. चाकाकडे एक नजर टाकली असती तरी त्याला समजलं असतं. मी दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेलो आणि येताना बार्शी रोडवरच्या एका गॅरेजात थांबून एक जुनं साडीगार्ड बसवून घेतलं. मेकॅनिकनं काही विचारलं नाही. जाळी जरा वाकडी होती. ते बरंच झालं, अपघातात वाकल्यासारखी दिसत होती.

मेहुण्यानं गाडीपाशी उकिडवं बसून ती जाळी हातानं चाचपली. स्पोकमध्ये इरकलीचे धागे अडकलेले होते, ते ओढून काढले. "गार्ड आसून बी पदर गेला," तो म्हणाला. "म्हंजी लईच मोकळा सोडला आसंल."

मी "हं" म्हणालो.

त्या "हं"नं काय केलं ते नंतरच्या तीन वर्षांत मी रोज बघितलं. माझ्या बहिणीपासून सगळ्या नातेवाइकांत ते वाक्य फिरलं. भेटायला येणाऱ्या बायका आधी तिच्या खांद्याकडे बघायच्या आणि मग पदराकडे. माझी आई आमच्याजवळच राहते. ती शेजारणींना सांगायची, "हिला गाडीवर बसायची अक्कलच न्हाई. माझं लेकरू बिचारं लई घाबरलं हो." बायको हे ऐकून घ्यायची. तिला स्वतःलाही ते पटलेलं होतं. साडीला ती पिना लावू लागली. खांद्यावर एक, कमरेला दोन, कधी निऱ्यांना एक. स्वयंपाक करतानासुद्धा. आमची मुलगी पुण्याला शिकायला जायला निघाली तेव्हा तिला आईनं दिलेला पहिला सल्ला होता, "ओढणी घेऊन कुणाच्या गाडीवर बसू नको. माझ्यासारखा येंधळेपणा करू नको."

डावा हात तिचा खांद्याच्या वर जात नाही. वेणी मुलगी घालून द्यायची. मुलगी गेल्यावर आठ दिवस तिनं एका हातानं प्रयत्न केला आणि मग एका दुपारी जाऊन केस मानेपर्यंत कापून आली. "उन्हाळ्याचं बरं वाटतं," म्हणाली. मी "छान दिसतंय" म्हणालो आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

ती गाडी मी विकली. पुढे स्कूटर घेतली. बायको तिच्यावरही बसली नाही, रिक्षानं जायची.

मग सासूबाई अंथरुणाला लागल्या. बायको दर पंधरा दिवसांनी एसटीनं लातूर आणि तिथून मुरूड करू लागली. एसटीच्या दोन बाकड्यांमधल्या जागेत तिचा गुडघा मावत नाही. तो बाहेर काढून बसायचं तर येणारे-जाणारे ठेचकाळतात. एकदा मुरूडहून आली ती लंगडतच. चहा होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही एक चांगली गाडी घ्या. जरा दमदार. रस्त्यानं हलणार न्हाई अशी. मी बसते मागं."

"तू बसशील?"

"बसन की. चार पिना जास्त लावीन."

मला वाटलं आत्ताच सांगावं. पण ती आपणहून गाडीवर बसायला तयार झाली होती, आणि त्यात मी तिला हे सांगून काय मिळवणार होतो, असा विचार केला. असा विचार मला नेहमी वेळेवर सुचतो. कार का नाही, असं कुणीही विचारेल. कार मला येत नाही. शिकायला गेलो तेव्हा तिसऱ्या दिवशी शिकवणारा म्हणाला, "काका, तुमच्या पायाला ब्रेक आणि मनाला ॲक्सिलरेटर आहे," आणि मी पुन्हा गेलो नाही.

तेव्हा मोटारसायकल, आणि तीही मधल्या ताकदीची. शंभर-सव्वाशेची गाडी लातूर रस्त्यावर बायकोसह चालवायची म्हणजे बाजूनं ट्रॅव्हल्स गेली की दोघंही रस्त्याकडेला. पाचशे-सहाशेची गाडी आयटीआय चौकाच्या गर्दीत, मे महिन्यात, मांड्या भाजून काढणार. मी वही केली. तीत अडीचशेपासून चारशेपर्यंतच्या गाड्यांचे रकाने पाडले. वजन, सीटची उंची, टाकीत पेट्रोल किती मावतं, क्लच कसा आहे. मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले की कानात सतत कुणीतरी गाडी चालू करत असायचं.

बायको म्हणाली, "माझ्या वेळेला मला बघायला आलात तवा येवढं बघितलं नव्हतं तुम्ही. चहा पिऊन गेलात न् हो म्हणालात."

वहीत एक रकाना मात्र मी पाडला नव्हता. तो पहिल्याच शोरूममध्ये लक्षात आला. गाडी झकास होती, हाताला हलकी, सत्तर-ऐंशीला शांत. पण मागची सीट विंचवाच्या नांगीसारखी वर उचललेली आणि हाताच्या पंज्याएवढी. विक्रेत्याला मी विचारलं, "यावर बाई एका बाजूला कशी बसणार?"

"सर, हल्ली लेडीज दोन्हीकडेच पाय टाकतात."

"माझ्या बायकोला जमत नाही."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग सर, ही गाडी तुम्ही तुमच्यासाठी घ्या आणि मॅडमसाठी स्कूटर घ्या." आणि मी उठायला लागलो तसा जणू फुकटात काही देतोय अशा आवाजात म्हणाला, "बुकिंग केलंत तर साडीगार्ड मी इथंच काढून देतो. लुक खुलतो."

मी त्याच्यावर ओरडलो. चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो बिचारा पुरता गोंधळला. माफ करा, म्हणालो आणि बाहेर आलो. पण त्यानंतर जिथे जिथे गेलो तिथे तिथे हेच. उंच, धिप्पाड, खडबडीत रस्त्यासाठीची गाडी बघितली, तर तिच्यावर चढायला बायकोला स्टूल लागलं असतं. दुसरीची सीट उताराची, बसणारा पुढे घसरत येतो. आणि प्रत्येक ठिकाणी, न विचारता, "गार्ड काढून देऊ ना सर?" रविवारच्या मंडळींना विचारलं तर ते मायलेजवर आणि एक्झॉस्टच्या आवाजावर तास तास बोलायचे. मागच्या सीटचा विषय काढला की म्हणायचे, "वहिनींना बसवायचं आहे होय? मग रिक्षाच घ्या." मी चिडत होतो सगळ्यांवर. कंपन्यांवर, विक्रेत्यांवर, या देशात साडी नेसणाऱ्या बायका राहतात हे विसरून सीट बनवणाऱ्या माणसांवर. घरी येऊन बायकोसमोर तावातावानं बोलायचो. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "राहू द्या. माझ्यासाठी किती फिरायलात तुम्ही." त्यानं मी आणखी चिडायचो.

शेवटी मेहुण्याचा फोन आला. लातूरला औसा रोडच्या एका शोरूममध्ये साडेतीनशे सीसीची एक गाडी आली आहे, सीट लांब, सपाट आणि बुटकी. "अक्कालाच घेऊन या," तो म्हणाला. "बसणाऱ्यानं बघितल्याबिगर घेऊ नका." चार महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं. मी एकदाही तिला शोरूममध्ये नेलं नव्हतं.

आम्ही एसटीनं गेलो. मेहुणा शोरूमच्या दारात उभा होता. गाडी दाखवायला एक तिशीतली बाई होती, कंपनीचा शर्ट घातलेली, गळ्यात ओढणी. ती माझ्याशी दोन वाक्यं बोलली आणि मग थेट बायकोकडे वळली. "काकू, बसून बघा. मी धरते." बायको बसली. पाय ठेवायला डाव्या अंगाला रुंद पट्टी होती, तिच्यावर तिचे दोन्ही पाय नीट टेकले. गुडघा जेवढा वळतो तेवढाच वळवावा लागत होता. हीच गाडी, मी मनात म्हटलं. थोडी जड आहे, क्लच थोडा कडक आहे, असू दे.

"आणि हे बघा," ती बाई खाली वाकली. "हे साडीगार्ड. कुणी काढून मागितलं तर मी सरळ नाही म्हणते. हे असलं ना काकू, की पदर आत जातच नाही." तिनं आपल्या ओढणीचं टोक जाळीवर दाबून दाखवलं. ते जाळीवरच राहिलं.

बायको गाडीवरून उतरली. वाकली. कमरेची पिन काढून तिनं आपला पदर मोकळा केला आणि त्याचं टोक जाळीत कोंबून बघितलं. एकदा वरून, एकदा बाजूनं. जाईना.

"मग माझा कसा गेला?" ती म्हणाली.

"तवा बी गार्ड होतं की अक्का," मेहुणा म्हणाला. "मी सोता बघितलंय. तू लईच सोडला आसशील."

ती माझ्याकडे वळली. "होतं?"

"होतं," मी म्हणालो.

तीन वर्षांपूर्वीचं खोटं घाबरून निघालं होतं असं तरी म्हणता येईल. हे भरदिवसा, तिच्या तोंडाकडे बघून बोललो.

ती पुन्हा पिना लावून बसली आणि आम्ही चक्कर मारायला निघालो. तीन वर्षांनी ती माझ्या मागे बसली होती. उजव्या हातानं तिनं माझा शर्ट मुठीत धरला होता, खांदा नाही. गाडी सुरेख चालत होती. औसा रोडला थोडी मोकळी जागा आली तशी मी गाडी साठपर्यंत नेली, आणि एवढ्या महिन्यांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. तेवढ्यात ती मागून म्हणाली. मला उद्देशून नाही, आपल्याशीच.

"मी काय येवढी बावळट हाय का?"

मी गाडी रस्त्याकडेला घेतली, एका बंद दुकानासमोर. इंजिन बंद केलं. मागे न वळताच म्हणालो, "गार्ड नव्हतं. मी काढलं होतं."

ती उतरून माझ्यासमोर आली. "हेल्मेट काढा न् बोला."

मी काढलं.

"कधी काढलं?"

"त्याच्या दोन महिने आधी."

"मग माझ्या भावाला दिसलं ते?"

"नंतर बसवलं. त्याला कळू नये म्हणून."

"कशाला काढलं?"

हे सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. "लोक हसले," मी म्हणालो. "गाडीला परकर नेसवलाय म्हणाले."

तिनं तो शब्द स्वतःशी एकदा म्हटला. "परकर." मग ती शोरूमच्या दिशेनं चालायला लागली.

मी गाडी चालू केली आणि तिच्या बाजूनं हळूहळू नेऊ लागलो. "बस ना," म्हटलं. ती म्हणाली, "तुम्ही चालवा. तुमचीच हौस हाय." मला ते सहन होईना. मी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत तिच्यामागून निघालो. ती लंगडत चालत होती, तरी मला तिला गाठता येत नव्हतं. वहीत त्या गाडीचं वजन मी शंभरदा वाचलं होतं. सोयाबीनची दोन पोती पाठीवर घेतल्यासारखं वाटलं. ऊन डोक्यावर आलेलं. एक रिक्षावाला ओरडला, "काका, नव्या गाडीत पेट्रोल घालून देत न्हाईत का आता?"

दोन ठिकाणी ती थांबली. मला वाटलं माझ्यासाठी थांबली. ती गुडघा चोळत होती.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "मी माझ्या लेकीला येंधळी म्हणून दाखवलं स्वतःला. तुम्ही तिथं बसून जेवत होतात."

मी होतो. मला तो दिवस आठवतो. मुलीची बॅग भरून झाली होती आणि मी जेवत होतो.

शोरूमच्या दारात मेहुणा आणि ती बाई उभे होते. "काय झालं दाजी? बंद पडली का?" तो धावत आला आणि त्यानं हँडल धरलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी तिथेच, त्या परक्या बाईसमोर, मेहुण्याला सगळं सांगितलं. बार्शी रोडच्या गॅरेजासकट.

त्यानं गाडी स्टँडला लावली. मग म्हणाला, "जुनं गार्ड बसवलं? माझ्याकडं आला आसतात तर नवं दिलं आसतं." यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बहिणीला घेऊन तो निघून गेला. मी एकटा एसटीनं नांदेडला आलो.

आठ दिवसांनी बायको मुरूडहून परतली. भांडली नाही. चहा केला, माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "गाडी तीच घ्या. सीट चांगली हाय. पण जितक्यांना तुम्ही माझा पदर सांगितलात, तितक्यांना आता गार्ड सांगा. त्यानंतर मी बसन. त्याच्याआधी न्हाई."

मला वाटलं, एवढंच ना. इतकी वर्षं जे पोटात घेऊन फिरलो ते बाहेर टाकायचं आहे. लाज वाटेल, लोक चार शब्द बोलतील, ते बोलायलाच हवेत. मी मुद्दाम ऐकून घ्यायच्या तयारीनं गेलो. पण कुणी बोलेचना! मुरूडला सासूबाईंच्या अंथरुणाशी बसून सांगितलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बापू, कशाला आपल्या अंगावर घेता? पोरगी माझी पहिल्यापासून धांदरट. तुमचं मन लई मोठं हाय." मी पुन्हा सांगितलं. त्या रडायला लागल्या, माझ्या चांगुलपणानं. कचेरीतले दोघं तेव्हा दवाखान्यात भेटायला आले होते, त्यांना सांगितलं. त्यांतला एक डोळा मारून म्हणाला, "वहिनींना गाडीवर बसवायचंय म्हणून काय काय कबूल करायला लागतं साहेबांना!" रविवारच्या मंडळींकडे गेलो. ज्यानं परकर म्हटलं होतं त्याला ते आठवतही नव्हतं. "मी असं म्हणालो होतो? छे हो," म्हणाला आणि मला नव्या गाडीला कुठला एक्झॉस्ट चांगला ते सांगू लागला.

तीन वर्षांपूर्वी एक "हं" पुरलं होतं. आता तासभर बोलून, गॅरेजचा पत्ता सांगूनही माझ्या शब्दांवर कुणाचा विश्वास बसत नाही. खोटं बोललो तेव्हा मी बिचारा नवरा ठरलो होतो. खरं बोलतो तर थोर नवरा ठरतो. तिच्या वाट्याला दोन्ही वेळी तोच मोकळा पदर. शोरूममधली बाई अधूनमधून फोन करते, "सर, काकूंचं काय ठरलं?" मी म्हणतो, "अजून काही जण राहिलेत." ती समजल्यासारखं "बरं बरं" म्हणते. मागच्या खेपेला म्हणाली, "काकूंना म्हणावं, घाई नाही."

आईला सांगायचं मी पुढे पुढे ढकलत होतो. परवा दुपारी बायकोच म्हणाली, "आज सांगा. मी बसते इथंच." ती दिवाणावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, एक टोक हनुवटीखाली धरून, कारण डावा हात वर जात नाही. आई खाली बसून शेंगा फोडत होती. मी आईसमोर जमिनीवर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. कंधार, पाना, दवाखाना, बार्शी रोड. काही गाळलं नाही. आईचे हात शेंगा फोडायचे थांबले नाहीत.

"झालं?" ती म्हणाली. "कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. खरं आहे."

"आरं, बायकोसाठी माणसानं किती खोटं बोलावं, त्याला काही सुमार?" मग तिकडे मान वळवून, "बघितलंस गं, किती करून राहिला तुझ्यासाठी? स्वतःला गुन्हेगार करून घ्यायला लागला. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

मी ओरडलो. आईवर मी आयुष्यात दोन-तीनदा ओरडलो असेन. "आई, मी काढलं! मी! ती पडली ती माझ्यामुळं!"

आई दचकली. हातातली शेंग परातीत पडली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग सुनेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला पटलं का, मला सांगता येणार नाही. पण "मग इतके दिवस तू का गप होतास?" एवढं तिनं विचारलं. एवढ्या सांगण्यात मला मिळालेला हा पहिला खरा प्रश्न होता. आई परात घेऊन आत गेली.

बायकोनं घडी घातलेला शर्ट माझ्या ढिगावर ठेवला. ती हसली नाही, रडली नाही.

"एक झालं. एकीनं तरी विचारलं," ती म्हणाली. "आता तुमच्या बहिणीला फोन लावा. स्पीकरवर टाका."

मी नंबर शोधायला लागलो.